वाटाण्याला आहे, माझ्या पोरीला नाही

आमच्या रुग्णालयाच्या धुलाईघरात एक बाई होती आणि तिचं माझं अकरा वर्षं पटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिचं कौतुक करायला लागले की हे जुन्या मैत्रीतून चाललंय असं कुणाला वाटायला नको. मी दुसऱ्या मजल्यावरच्या हाडांच्या वॉर्डाची मुख्य सिस्टर. ती तळघरातली. रोज सकाळी सात वाजता ती ढकलगाडी घेऊन वॉर्डाच्या दारात यायची आणि सात वाजून दोन मिनिटांनी आमचं वाजायचं.

कारण एकच. मळक्या चादरींचं गाठोडं ती बांधलेलं घ्यायची नाही. धुलाईघरातले बाकीचे लोक गाठोडं उचलून गाडीत टाकून निघून जायचे. ही दारात हाताची घडी घालून उभी राहायची आणि म्हणायची, "सोडा. झटका. मग बांधा." एकेक चादर आमच्या नर्सनी तिच्यासमोर उलगडून झटकायची, आत सुई, कात्री, चिमटा असलं काही राहिलं नाही हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. पूर्वी एकदा गाठोड्यातली सुई तिच्या तळहातात शिरली होती आणि नंतर सहा महिने तिला रक्ताच्या तपासण्या करत जीव मुठीत धरून बसावं लागलं होतं. तिचं बरोबरच होतं. पण तीस रुग्णांच्या अंघोळी खोळंबलेल्या असताना बरोबर असलेलं माणूस फार डोक्यात जातं.

"बाई, आज राहू दे ना. घाई आहे."

"नाही."

"एकच दिवस हो."

"नाही म्हणजे नाही, सिस्टर. घाई तुमची, हात माझा."

पगाराच्या यादीत तिचं काय नाव होतं ते असो, सगळं रुग्णालय तिला नाहीबाई म्हणायचं. तिच्या कानावर ते गेलं होतं आणि तिनं त्याला भीक घातली नव्हती. उलट एकदा वरून कुणीतरी धुलाईघरात फोन केला तेव्हा तिनं सरळ "नाहीबाई बोलतेय, बोला" असं सांगितलं आणि फोन करणाऱ्याचीच बोबडी वळली. अंगानं ठेंगणी, मनगटं जाड, कोपरापर्यंतचे हात गरम पाण्यानं कायम लाल. यंत्रांच्या आवाजात बोलायची सवय असल्यामुळे ती कुठेही ओरडूनच बोलायची. देवळासारख्या शांत अतिदक्षता विभागातसुद्धा तिचं कुजबुजणं टोकापर्यंत ऐकू जायचं.

नवरा नव्हता. म्हणजे होता, पण मुलगी दोन वर्षांची असताना "मला हे जमत नाही" म्हणून निघून गेला होता. "जमत नसेल तर दार उघडंच आहे म्हटलं," असं ती सांगायची, आणि हे सांगताना तिच्या आवाजात कसलाही कढ नसायचा. मुलगी आता वीस वर्षांची. दोन रस्ते पलीकडच्या बेकरीत पाव पिशव्यांत भरायचं काम करायची. मुलगी जरा मंद आहे असं लोक म्हणायचे. नाहीबाईसमोर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

तर एका सोमवारी दुपारी ही मुलगी बेकरीच्या मागच्या जिन्यावरून हातातल्या पावांच्या ट्रेसकट खाली आली आणि नडगीचं हाड मोडून माझ्या वॉर्डात दाखल झाली.

आता माझ्या चुकीकडे येते. ती टाळून ही गोष्ट सांगता येणार नाही.

आमच्या वॉर्डाचा एक रिवाज होता आणि तो मीच पाडला होता. हाड मोडलेलं माणूस दाखल झालं की त्याच्याबरोबर एक पिशवी येते. तीत रक्तदाबाची एखादी खरी गोळी असते आणि बाकी सगळा बाजार. ताकदीच्या गोळ्या, केसांच्या गोळ्या, मेव्हण्यानं परदेशातून आणलेलं टॉनिक, शेजारणीला गुण आला म्हणून आणलेली बाटली. या सगळ्याची यादी करून रोज वाटत बसलं तर नर्सना दुसरं काम नको. म्हणून मी लाल पेन ठेवलं होतं. दाखल करतानाच औषधांच्या कागदावर जे जे व्हिटॅमिन म्हणून लिहिलेलं असेल त्यावर लाल रेघ मारायची, माल पिशवीत भरून खाटेखाली ठेवायचा आणि घरी जाताना परत द्यायचा. डॉक्टरांना हे फार आवडायचं. दुसऱ्या वॉर्डांनीही ते उचललं. मला त्याचा अभिमान होता.

मुलीनं आपल्या पिशवीतून एक डबी काढली आणि प्लॅस्टिकमध्ये घातलेलं एक घडीचं पत्र काढलं. "गोळी," ती म्हणाली. तिचं बोलणं फार सावकाश होतं. एक शब्द झाला की दुसरा कुठून आणायचा याचा ती विचार करत असावी. "सकाळी एक. संध्याकाळी एक." मी डबी वाचली. व्हिटॅमिन बी सिक्स. मी कागदावर लिहिलं आणि लिहितालिहिताच लाल रेघ मारली. पत्रावरची तारीख पाहिली, चौदा वर्षांपूर्वीची. जुने कागद म्हणून तेही पिशवीत टाकलं. मुलगी काहीतरी सांगत होती. "ती माझी फिटची," एवढं झालं, आणि तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी पुढच्या खाटेकडे वळले होते. तिचं वाक्य पुरं व्हायला फार तर आणखी चार सेकंद लागले असते.

नाहीबाई तळघरातून धावत वर आली तेव्हा तिनं पोरीचा पाय पाहिला, तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "गोळी सांगितलीस?" मुलीनं मान हलवली. सांगितली होतीच.

मंगळवारी सकाळी सात वाजता गाडी दारात आली. पण नाहीबाई गाठोड्याकडे वळली नाही, आत येऊन मुलीच्या खाटेला टांगलेला औषधांचा कागद तिनं हातात घेतला. तो तिला व्यवस्थित वाचता येत होता. वीस वर्षं ती असलेच कागद वाचत आली होती.

"ही रेघ कोणी मारली?"

"मी," मी म्हणाले. "व्हिटॅमिनं बंद असतात इथे."

"काल संध्याकाळची दिली नाही?"

"अहो बाई, व्हिटॅमिन आहे ते. दोन दिवस नाही घेतलं तर काय आकाश कोसळतंय?"

तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं खाटेखालची पिशवी ओढली, डबी आणि पत्र काढलं, पाण्याचा पेला घेतला आणि तशीच उभी राहिली. मला कळेना ती कशाची वाट बघतेय. आठ वाजता मोठे डॉक्टर आपल्या लवाजम्यासह फेरीला आले. ते खाटेजवळ पोचले तेव्हा तिनं सगळ्यांसमोर मुलीच्या तळहातावर गोळी ठेवली, मुलीनं ती गिळली, आणि नाहीबाई माझ्याकडे वळून म्हणाली, "लिहा. आठ वाजून पाच मिनिटं. आईनं दिली."

मोठ्या डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ते हाडांचे नावाजलेले डॉक्टर, हात सोन्याचा, पण आपल्या वॉर्डात आपल्याला न विचारता कुणी शिंकलेलंही त्यांना खपत नसे. त्यांनी डबी वाचली, मुलीच्या पायाचे तळवे टोचून पाहिले आणि विचारलं, "मुंग्या येतात?" मुलीनं होय म्हणून मान हलवली.

"बघा," डॉक्टर म्हणाले. "हे व्हिटॅमिन इतक्या मोठ्या प्रमाणात वर्षानुवर्षं घेतलं की पायाच्या नसा बिघडतात. तुम्ही मुलीचं नुकसान करताय. फिट येत असतील तर त्यावर खरी औषधं आहेत, मी सुरू करतो."

"खरी औषधं ती दोन दिवसांची असताना दिली होती. तीन. तिन्ही फुकट गेली. हे पत्र वाचा."

डॉक्टरांनी पत्रावरची तारीख पाहिली, वरचं नाव पाहिलं. "लहान मुलांच्या डॉक्टरांचं, तेही चौदा वर्षांपूर्वीचं. तेव्हापासून बरंच पाणी वाहून गेलंय, बाई."

त्यावर तिनं पत्र न बघता त्यातलं एन्झाइमचं लांबलचक नाव म्हणून दाखवलं. "अल्फा-अमिनो-अ‍ॅडिपिक सेमीअल्डिहाइड डीहायड्रोजनेज. म्हणा बरं." फेरीतल्या एकाला हसू आवरलं नाही, आणि झालं, आगीत तेल पडलं. मोठ्या डॉक्टरांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला. उपचारात ढवळाढवळ केल्याबद्दल या बाईंना वॉर्डात प्रवेश बंद. धुलाईची गाडी दाराबाहेर. पुन्हा असं झालं तर तिच्या वरिष्ठांना कळवण्यात येईल. आणि गोळीची डबी माझ्या कपाटात कुलूपबंद.

नाहीबाई गेली. दाराशी थांबून तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. त्या नजरेनं माझं दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. दुपारी जेवायच्या सुट्टीत मी ते पत्र पिशवीतून काढून वाचलं. अर्धं कळलं नाही. जे अर्धं कळलं त्यानं तोंडचं पाणी पळालं. मी जिना उतरून तळघरात गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

धुलाईघरात वाफेनं समोरचं दिसत नव्हतं. पाच मोठी यंत्रं एका रांगेत घरघरत होती आणि पलीकडे दोघीजणी तापलेल्या रुळातून चादरी काढत होत्या. ती लांबलचक टेबलावर उशांचे अभ्रे घडी करत होती. मला पाहून तिच्या हाताचा वेग कमी झाला नाही.

"बाई, मी चुकले," मी म्हणाले. यंत्रांच्या आवाजात हे दोनदा ओरडून सांगावं लागलं. माफी ओरडून मागावी लागली की तिच्यातला सगळा मानभावीपणा निघून जातो, हे मला तेव्हा कळलं.

तिनं मला बाजूच्या बाकावर बसवलं आणि सांगायला लागली. मुलगी दोन दिवसांची असताना फिट सुरू झाल्या. एक संपली की दुसरी. तीन औषधं झाली. डॉक्टरांनी आता मनाची तयारी ठेवा असं सांगितलं. तेव्हा एक वयस्कर बालरोगतज्ज्ञ म्हणाले की एक गोष्ट करून बघू, नुकसान काही नाही. त्यांनी पोरीच्या शिरेतून व्हिटॅमिन बी सिक्स दिलं. श्वास थांबलाच तर हाताशी असावा म्हणून एक नर्स मास्क घेऊन शेजारी उभी होती. पाच-सात मिनिटांत पोरीचे हातपाय सैल पडले आणि ती झोपी गेली. तेव्हापासून गोळी चालू.

"आणि चार वर्षांची असताना," ती म्हणाली, "एक दुसरे डॉक्टर म्हणाले, अहो चार वर्षं एकही फिट नाही, कशाला उगीच व्हिटॅमिन चारताय, करा बंद. मी म्हणाले, बरं." तिचे हात थांबले. "दहाव्या दिवशी फिट सुरू झाल्या. तीन दिवस बंद होईनात. त्याआधी ती चुरुचुरु बोलायची, सिस्टर. माझं डोकं खायची. आता तुम्ही बघताच. मी आयुष्यात एकदा 'बरं' म्हणाले, त्याचं हे असं झालं."

मग मला तिच्या सगळ्या 'नाही'चा हिशेब लागला. अकरा वर्षं मी तिला भांडकुदळ समजत होते.

मुलगी सहा वर्षांची झाल्यावर त्याच म्हाताऱ्या डॉक्टरांनी रक्त, लघवी पाठवून दुखण्याचं नाव शोधलं आणि तिला समोर बसवून समजावलं. आपण जे खातो त्यातल्या प्रथिनांचे तुकडे होतात, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. त्यातलं एक लायसिन. नको असलेलं लायसिन शरीर एकेक पायरी करून मोडत नेतं. मधल्या एका पायरीवर त्याचं अल्डिहाइड झालेलं असतं. ते तसंच राहू द्यायचं नसतं, त्याचं ऑक्सिडीकरण करून त्याचं साधं आम्ल करून टाकायचं असतं, आणि ते काम करणारं एक एन्झाइम असतं. हिच्या शरीरात ते बिघडलेलं. म्हणून अल्डिहाइड साठतं, रूप बदलतं आणि व्हिटॅमिन बी सिक्सला धरून बसतं. मेंदूला शांत राहायला ते व्हिटॅमिन लागतं, आणि ते तर आधीच अडकवून ठेवलेलं.

"मी म्हटलं, डॉक्टर, हे तर जड पाण्यासारखं झालं. जड पाण्यात साबण टाका, फेस येत नाही. साबण वाईट नसतो, पाणीच तो खातं. मग काय करायचं? पाण्याचं पोट भरून वर उरेल इतका साबण टाकायचा. ते म्हणाले, बाई, मी तीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवतोय, हे मला कधी सुचलं नाही."

मी हसले. तीही हसली, पण लगेच थांबली.

"ते म्हणाले हे एन्झाइम फार जुनं आहे. इतकं जुनं की वाटाण्याच्या रोपातसुद्धा बरंचसं तसंच सापडतं. मी म्हटलं, म्हणजे वाटाण्याला आहे आणि माझ्या पोरीला नाही? ते म्हणाले, हो. मी म्हटलं, मग तिला वाटाणे घालते खायला, किलोभर. ते म्हणाले, तसं होत नाही, पोटात गेलं की तेही पचतं. इतका राग आला होता मला त्या दिवशी वाटाण्याचा."

मी आजूबाजूला पाहिलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. "डबी माझ्या कपाटात आहे. संध्याकाळची मी देते गुपचूप. कुणाला कळणार नाही."

"नाही."

मला वाटलं तिनं ऐकलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"ऐकलं मी. नाही. लपून द्यायची असती तर सकाळी मी कशाला सगळ्यांसमोर दिली? तुम्ही चोरून द्याल, ती बरी राहील, आणि कागदावर काय होईल? गोळी बंद केली तरी ठीक होती. शिक्का. मग पुढचा डॉक्टर तो कागद वाचेल. आज मी आहे, भांडेन. मी मेल्यावर कोण भांडणार? तिला तर लोक वाक्यसुद्धा पुरं करू देत नाहीत."

मी खाली बघितलं.

"उद्या दुपारी बारापर्यंत थांबते," ती म्हणाली. तिचा आवाज आता पहिल्यांदाच खाली आला होता आणि एकाच अभ्र्याची घडी तिनं चौथ्यांदा उलगडून पुन्हा घातली होती. "एखाददुसरी चुकली तर लगेच काही होत नाही. ताप आला तर मात्र सांगता येत नाही. बारापर्यंत कागदावर आली तर आली. नाहीतर मी वर येईन, तिच्या तोंडात घालेन, आणि मग नोकरी गेली तरी बेहत्तर. पण हे बारा वाजेपर्यंतचं माझ्याच्यानं कसं होणार ते मला माहीत नाही, सिस्टर."

संध्याकाळी मी मोठ्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी उद्या बघू म्हणून ठेवून दिला.

बुधवारी सकाळी मुलीचं अंग किंचित गरम लागलं. आठ वाजता मी तिला पाणी पाजत होते तेव्हा तिच्या डाव्या ओठाचा कोपरा थरथरला. एकदा, दोनदा, आणि थांबला. मी वेळेसकट लिहून ठेवलं. नऊ वाजून दहा मिनिटांनी तो पुन्हा थरथरला, तेही लिहिलं. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती आणि डबी तिथून दहा पावलांवर. मी दोनदा कपाटापर्यंत गेले. दोन्ही वेळा नाहीबाईचा शब्द आठवून परत आले, आणि हे मी बरोबर केलं की चूक ते मला आजही सांगता येत नाही.

सव्वानऊला मोठे डॉक्टर शस्त्रक्रियेचं संमतीपत्र घेऊन आले. ते त्यांनी मुलीला नीट समजावलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. मग पेन पुढे केलं. मुलीनं ते घेतलं नाही.

"आधी," ती म्हणाली. बराच वेळ गेला. "आधी गोळी लिहा. मग सही."

"तुला कळलं ना मी काय सांगितलं ते?"

"हाड बसवणार. धातूची पट्टी. सहा स्क्रू." ती थांबली. "दीड तास."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "सिस्टर, हिच्या आईला बोलवा. आईची सही घेऊन टाकू."

त्यांच्यापुढे मी तेवीस वर्षं मान हलवत आले होते. त्या दिवशी मात्र मी म्हणाले, "डॉक्टर, आईला बोलावते, पण आईची सही चालणार नाही. मुलगी वीस वर्षांची आहे आणि स्क्रू तिनं बरोबर मोजलेत. दुसरं, आठ वाजता आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी हिचा ओठ थरथरलाय, मी लिहून ठेवलंय. तिसरं, त्या गोळीवरची लाल रेघ माझी आहे. कुणालाही न विचारता मारलेली. त्या वेळी ती फिटची गोळी आहे असं मला ही सांगत होती आणि मी तिचं पुरतं ऐकलं नाही."

मग मी तळघरात निरोप धाडला. नाहीबाई दोन-दोन पायऱ्या गाळत वर आली असणार, कारण निरोप जाऊन तीन मिनिटं झाली नव्हती आणि ती दारात होती, धापा टाकत, हात ओलेच.

"समजवा हिला," डॉक्टर म्हणाले. "सही करत नाहीये."

तिनं मुलीकडे पाहिलं. नेमका तेव्हाच ओठाचा कोपरा पुन्हा उडाला. नाहीबाईचा चेहरा पांढरा पडला आणि ती डॉक्टरांवर चालून गेली. "हिला कशाला समजवू? समजवायचं तर तुम्हाला—"

"आई," मुलगी म्हणाली. "तू थांब."

नाहीबाई जागच्या जागी थांबली. तोंड उघडंच.

"मी सांगते." मुलगी छताकडे बघत शब्द गोळा करत होती. डॉक्टरांनी मध्येच काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि मी, नर्सनं डॉक्टरांना कधी करू नये ते केलं. हात वर करून त्यांना गप्प केलं. सगळे वाट बघत राहिलो.

"पायाला मुंग्या येतात. ते खरं आहे. तुम्ही म्हणता, गोळीनं येतात." पुन्हा वेळ गेला. "येऊ देत. पाय माझे आहेत. मुंग्या आल्या तरी मी पाव भरते. जिना चढते. फिट आली तर," आणि इथे ती इतका वेळ थांबली की मला वाटलं शब्द हरवलाच, "तर माझे शब्द जातात. आधी गेलेत. आता आहेत तेवढे मला पाहिजेत. आधी गोळी लिहा."

डॉक्टर बाजूच्या स्टुलावर बसले आणि माझ्यापुढे हात केला. मी पत्र दिलं. त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मग पुन्हा वाचलं. मुलीला तीन प्रश्न विचारले, आईला एकही नाही, आणि प्रत्येक उत्तर संपेपर्यंत थांबले. मग औषधांचा कागद मागून घेतला. गोळी नव्या ओळीवर स्वतःच्या अक्षरात लिहिली, पुढे लिहिलं, 'फिटचे औषध. कोणत्याही कारणाने थांबवू नये', आणि खाली सही केली. नसांची तपासणी नंतर करून घेऊ, मात्रा किती कमी करता येते ते या विषयातल्या माणसांना विचारू, असं म्हणाले. "आणि भूल देण्याआधी ही पोटात जाऊन चोवीस तास झालेले मला पाहिजेत. शस्त्रक्रिया उद्या."

मी कपाट उघडलं. मुलीनं गोळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, गिळली आणि मला म्हणाली, "वेळ लिहा." दहाला दहा मिनिटं कमी होती. मग तिनं सही केली. तिला त्याला पुष्कळ वेळ लागला. मोठे डॉक्टर कागदाखालची फळी दोन्ही हातांनी धरून उभे होते.

दुपारनंतर ओठ पुन्हा थरथरला नाही. गुरुवारी पट्टी आणि सहा स्क्रू बसले. माझं लाल पेन मी त्याच आठवड्यात केराच्या टोपलीत टाकलं. आता आम्ही एखादी गोळी कशासाठी घेता असं विचारतो आणि उत्तर येईपर्यंत तिथेच उभे राहतो. काम वाढलंय. वाढू दे.

पण बुधवारचं राहिलं. सही झाल्यावर नाहीबाई वॉर्डातून बाहेर पडली आणि जिन्याशी भिंतीला टेकून उभी राहिली. मी मागोमाग गेले. ती रडत होती, आणि रागानंही लाल झाली होती, आणि दोन्ही एकदम कसं करायचं ते तिला कळत नव्हतं.

"मला गप्प बसवलं तिनं," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. तू थांब म्हणाली. ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं."

"मला. तू थांब."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, तो तिनं झटकला, नाक पुसलं आणि तरातरा जिना उतरून गेली. मला राहवेना म्हणून मी चार पायऱ्या खाली उतरून वाकून पाहिलं. धुलाईघराच्या दारात उभी राहून ती आतल्या लोकांना ओरडून तेच सांगत होती. पाचही यंत्रं चालू होती, कुणाला काही ऐकू जाईना. तेव्हा तिनं एकेक करून पाचही यंत्रं बंद केली, सगळे आपल्याकडे बघतायत याची खात्री करून घेतली आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागली.